निनावी पाकिटाचे आभार

ब्रूनर गावनिधीचा अध्यक्ष मी कसा झालो, असं कुणी विचारलं तर मी खरं तेच सांगतो. ज्या मीटिंगमध्ये अध्यक्ष निवडला, त्या मीटिंगला मी गेलो नव्हतो. आमच्याकडे अध्यक्ष असाच निवडतात. हजर असलेल्या माणसाला पद दिलं तर त्याला पदाची हाव होती असं दिसतं, शिवाय नको म्हणायला तो समोर बसलेला असतो. गैरहजर माणसाच्या बाबतीत या दोन्ही अडचणी येत नाहीत. मी त्या दिवशी दाढ काढायला गेलो होतो. गालात कापूस कोंबलेला असताना कर्ट मान्केचा फोन आला, मी "अं" म्हणालो आणि कर्टने तो होकार धरला. कर्ट बँकेचा मॅनेजर आहे. असल्या गोष्टींत त्याचा हात कुणी धरणार नाही.

निधी म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हे. गावातली माणसं जाताना मागे काही ठेवून जातात, असलेली माणसं अधूनमधून भर घालतात. ते सगळं शहरातल्या एका मोठ्या संस्थेच्या ऑफिसात सांभाळलं जातं आणि दरवर्षी त्यातून जे निघतं ते कशाला द्यायचं, हे आम्ही पाच जण वाचनालयाच्या तळघरात बसून ठरवतो. शाळेच्या बँडचे ढोल, वाचनालयाचं छप्पर, पोहण्याच्या तलावाचा रंग. पगार नाही, मानधन नाही, कॉफीसुद्धा ज्याची त्याने घरून आणायची. माझं हार्डवेअरचं दुकान आहे, त्यामुळे निधीने ज्या ज्या कामाला हात घातला त्या कामाचे खिळे मी फुकट दिले. हे आपलं सहज सांगितलं.

तर त्या सप्टेंबरात गावाची व्हॅन गेली. आजारी आणि म्हाताऱ्या माणसांना बावन्न मैलांवरच्या इस्पितळात ने-आण करणारी ही गाडी सतरा वर्षांची होती आणि शेवटची दोन वर्षं ती केवळ भिडेखातर चालत होती. गॅरेजवाला तिच्याखालून बाहेर आला, त्याने हात पुसले आणि डोक्यावरची टोपी काढली. 

गाडी गेल्यामुळे खरे अडकले ते व्हर्लिन कुचेरा. वय चौऱ्याहत्तर. तीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली. आज गावात पन्नाशीच्या आसपासचा जो कुणी भेटेल, तो त्यांच्या बसमधून शाळेत गेलेला आहे. मीसुद्धा. निवृत्त झाल्यावर अकरा वर्षं त्यांनी हीच व्हॅन फुकट चालवली. मग मूत्रपिंडं बिघडली आणि ते पुढच्या सीटवरून मागच्या सीटवर गेले. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. ते चुकवून चालत नाही. व्हॅन गेल्यावर लोकांनी आपापल्या गाड्यांतून त्यांना नेण्याच्या पाळ्या लावल्या, त्याही ऐन मक्याच्या कापणीत. कुणी कुरकुर केली नाही. पण व्हर्लिनना ते सोसेना.

महिन्याच्या शेवटी ते दुकानात आले.

"डेल, एक बिजागर दे. साडेतीन इंची."

"कुठलं दार?"

"मागचं. नीट लागत नाही. घर बघायला माणसं येतील तेव्हा बरं दिसायला पाहिजे."

हे असं कळलं आम्हाला. दूर ओमाहा शहरात त्यांच्या मुलीकडे सहाव्या मजल्यावर एक खोली रिकामी होत होती आणि एक नोव्हेंबरला तिकडे जायचं त्यांनी ठरवून टाकलं होतं. "तिच्या घरापासून डायलिसिस चार रस्त्यांवर आहे," ते म्हणाले. "सोयीचं आहे."

सहाव्या मजल्यावरून बाहेरचं छान दिसत असेल, असं मी म्हणालो.

"समोरची इमारत दिसते," व्हर्लिन म्हणाले.

मी बिजागराचे पैसे घेतले नाहीत. त्यांनी ते काउंटरवर ठेवले. मी ते त्यांच्या कोटाच्या खिशात कोंबले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या घराच्या पायपुसण्याखाली निघाले. जाऊ नका, इथेच राहा, असं मी म्हणालो नाही. आमच्या गावात असं कुणी कुणाला म्हणत नाही. हवेबद्दल बोलतात आणि त्यातून ज्याने त्याने काय ते समजून घ्यायचं असतं.

नव्या व्हॅनच्या मानाने निधीत होतं ते अगदीच तुटपुंजं होतं. कर्ट, मी आणि चिटणीस बर्निस ओल्टमन असे तिघे तळघरात तोंडं पाडून बसलो होतो. बर्निसबाई एक्क्याऐंशी वर्षांच्या आणि त्यातली अठ्ठेचाळीस वर्षं त्या गावच्या पोस्टमास्तर होत्या. त्यांनी त्या दिवसाचं टपाल फोडलं. एका पाकिटात दूरच्या कुठल्या तरी बँकेचा ड्राफ्ट होता आणि टाइप केलेली चिठ्ठी होती. 'व्हॅनसाठी. नाव नको.' कर्टने रक्कम वाचली, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा तीच रक्कम वाचली. आता अगदी थोडंच कमी पडत होतं.

मला खरं सांगायचं तर भीतीच वाटली. आठशे त्र्याहत्तर माणसांचं गाव. त्या सगळ्यांना मी नावाने ओळखतो, कुणाच्या घरात कुठल्या मापाचा नळ आहे हेही मला ठाऊक आहे. आणि त्यांच्यापैकी कुणीतरी हे केलं होतं, बहुधा तीच जुनी टोपी घालून, आणि उद्या दुकानात येऊन माझ्याशी चार स्क्रूंच्या भावावरून घासाघीस करणार होतं. 

मग शहरातल्या ऑफिसला फोन लावला आणि इथून पुढचं सगळं रामायण झालं. तिथे त्याच वर्षी कॉम्प्युटरवरचा नवा फॉर्म आला होता. फोनवर केटलिन नावाची मुलगी होती, फार गोड स्वभावाची.

"देणगीदाराच्या जागी 'निनावी' निवडा," ती म्हणाली.

"निवडलं."

"आता आभारपत्र पाठवल्याची तारीख भरा."

"कुणाला पाठवणार? निनावी आहे ना."

"बरोबर. तारीख भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही."

"पण पत्रच पाठवलेलं नाही."

"सर, लोक सहसा आजची तारीख टाकतात."

 बर्निसबाईंनी पेन खाली ठेवलं. "न गेलेल्या टपालावर मी आजवर शिक्का मारलेला नाही," त्या म्हणाल्या. "आता या वयात मारणार नाही." कर्टने छताकडे पाहिलं, कारण त्याचंही तेच मत होतं. दुसऱ्या कुठल्याही गावात हा प्रश्न अर्ध्या मिनिटात सुटला असता. आमच्याकडे आभार खरोखर मानल्याशिवाय ती तारीख पडणार नव्हती, तारीख पडल्याशिवाय पैसे मिळणार नव्हते आणि गाड्यांचा व्यापारी ती व्हॅन वीस ऑक्टोबरच्या पुढे आमच्यासाठी धरून ठेवणार नव्हता. म्हणजे देणाऱ्याला शोधणं आलं. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. अध्यक्ष कशासाठी असतो ते मला त्या दिवशी कळलं.

"बर्निसबाई, पाकीट बघून तुम्हाला कळलं असेलच की."

"अठ्ठेचाळीस वर्षं पोस्टात काढली, डेल. मी पाकिटं पोचवते. त्यांच्यावरून तर्क करत नाही."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे."

"म्हणजे मी तर्क करत नाही."

माझा पहिला संशय डॉक हेनिंगवर होता. गुरांचे निवृत्त डॉक्टर, बायको नाही, मुलं नाहीत आणि नुकतीच थोडी जमीन विकलेली. रिकाम्या हाताने कुणाच्या दारात जायचं नसतं, म्हणून माझ्या बायकोने, जोलीनने, सफरचंदाचा पाय भाजून दिला, म्हणजे कणकेच्या पारीत सफरचंदं भरून भाजलेला गोड पदार्थ.

"तू सरळ विचारणार आहेस त्यांना?" तिने विचारलं.

"सरळ कसा विचारेन? आडून विचारणार."

"तुझं आडून मला माहीत आहे. लग्नाचं विचारायला आलास तेव्हा माझ्या बापाने तुला गवत कापायचं यंत्र विकलं होतं."

डॉककडे मी अर्धा तास हवेवर बोललो, वीस मिनिटं मक्याच्या ओलाव्यावर बोललो आणि मग म्हणालो, "बाकी डॉक, काही माणसं गावासाठी काय काय करतात. आभार मानावेत तितके थोडे."

डॉकच्या हातातला चमचा थांबला. "कोण माणसं?"

"असतात काही. जमीन विकलेली."

त्यांचा चेहरा मानेपासून वर लाल होत गेला. "डेल, मी काही दिलेलं नाही."

"नाहीच म्हणणार तुम्ही. म्हणूनच तर आभार."

"अरे, खरंच नाही दिलं."

मी डोळा मारला. आयुष्यात मी दोनदाच कुणाला डोळा मारला आहे आणि दोन्ही वेळा ते माझ्या अंगाशी आलं. घरी येऊन मी बर्निसबाईंना आभार मानल्याचं कळवलं. "त्यांनी घेतले का?" त्यांनी विचारलं. नाही म्हणालो. "मग ते परत आलेलं टपाल झालं," त्या म्हणाल्या आणि तारीख लिहिली नाही.

चौथ्या दिवशी पायचं भांडं परत आलं. आमच्याकडे प्रत्येक भांड्याच्या तळाला चिकटपट्टीवर घराचं नाव लिहिलेलं असतं आणि भांडं रिकामं परत करत नाहीत. ही रीत कुणी मोडलेली मी पाहिलेली नाही. डॉकच्या भांड्यात खसखशीचे कोलाचे, म्हणजे आमच्याकडचे गोड पाव होते आणि कोलाच्यांच्या खाली पाकीट. आत व्हॅनसाठी चेक आणि चिठ्ठी. 'न केलेल्या गोष्टीचे आभार डोक्यावर घेऊन मला तीन रात्री झोप आली नाही. आता आली. हेनिंग.'

म्हणजे निनावी माणूस डॉक नव्हते. नवी देणगी मात्र आली होती, आणि तिच्यासाठी फॉर्ममध्ये आणखी एक रकाना.

पुढचे दहा दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. संशय आला की पाय, पाय गेला की भांडं परत, भांड्यात पाकीट. मधमाश्या पाळणारे स्टाक नवराबायको माझ्यासमोर इतके ओशाळले की दोघांनी एकमेकांवर ढकललं आणि शेवटी दोघांनी वेगवेगळी पाकिटं पाठवली, तीही एकमेकांना न सांगता. चर्चच्या ऑर्गनवाल्या बाईंना मी नुसतं "तुमचं मन मोठं आहे" म्हणालो होतो, तेसुद्धा दुसऱ्याच कशावरून. त्यांचंही पाकीट आलं. जोलीनने सफरचंदांची तिसरी पेटी फोडली आणि मला सांगितलं की या गावात अजून एकाही माणसाचे आभार मानलेस तर कणीक तूच मळायची.

केटलिनचा फोन आला. "सर, तुमच्या गावाचे सोळा अर्ज अर्धवट उघडे आहेत. तिथे काही चाललंय का?"

"आम्ही आभार मानतोय," मी म्हणालो.

"अच्छा," ती म्हणाली आणि तिने काहीतरी टाइप केल्याचा आवाज आला.

व्हॅनपुरतं तर केव्हाच जमलं होतं. पण तारखांच्या रकान्यामुळे त्यातला एक सेंटही हलत नव्हता. दुकानात मात्र चिटपाखरू फिरकेना. मी आभार मानीन या धास्तीने माणसं रस्ता ओलांडून पलीकडून जायला लागली. कॅफेत सकाळी कॉफीचे पैसे कोण देणार यासाठी फासे टाकतात, त्या टेबलाशी मी जाऊन बसलो की पाच जणांना एकदम गुरांची आठवण व्हायची. त्यातल्या दोघांकडे गुरं नाहीत. अठ्ठावीस वर्षं मी या गावाला खिळे विकतोय. प्लेगची साथ आल्यासारखं माझ्याशी वागायचं काही कारण नव्हतं.

आणि मग वारं फिरलं. एका शनिवारी सकाळी दार उघडलं तर पायरीवर चेरीचा पाय. दुपारी भोपळ्याचा. संध्याकाळी डॉक हेनिंग स्वतः आले, हवेवर चाळीस मिनिटं बोलले आणि जाताना म्हणाले, "काही माणसं दुसऱ्यांकडे बोट दाखवत फिरतात, म्हणजे आपल्याकडे कुणी बघू नये. हुशारी आहे." आणि त्यांनी मला डोळा मारला.

गावाने ठरवून टाकलं होतं की पाकीट माझंच.

रविवारपर्यंत स्वयंपाकघराच्या टेबलावर अकरा पाय जमले. मी एकेकाला सांगून पाहिलं की मी नाही, देवाशपथ मी नाही. लोक मान डोलवायचे. जितकं नाही म्हणावं तितका त्यांच्या नजरेतला आदर वाढायचा. खोटं कशाला बोलू, पहिले दोन तास मला बरं वाटलं. मग मी चेरीच्या पायचा एक घास घेतला आणि बशी बाजूला सारली. कारण त्या वर्षी निधीत मी एक डॉलरही टाकला नव्हता. खिळे दिले होते. खिळ्यांबद्दल मी आधी सांगितलंच आहे, आणि त्यावरून मी कसा माणूस आहे ते तुम्ही ओळखलं असेल.

"ही अकरा भांडी आता रिकामी परत जाणार का?" जोलीनने विचारलं. ती सिंकपाशी पाठमोरी उभी होती.

"पण मी काही केलेलंच नाही."

"डॉकनी तरी कुठे केलं होतं?"

मी तिथेच खुर्चीत बसलो. मी हसत हसत घरोघर जाऊन काय करून आलो होतो ते मला तेव्हा कळलं. मासेमारीच्या बोटीसाठी मी सहा वर्षं पैसे बाजूला टाकत आलो होतो. सोमवारी बँक उघडताच ते काढायला मी कर्टसमोर जाऊन उभा राहिलो.  तो फक्त म्हणाला की यंदा हिवाळा लवकर येईलसं दिसतं.

सतरा तारखेला मीटिंग भरली. पाच सभासदांपैकी एक बाई थंडीला कंटाळून ॲरिझोनाला गेलेल्या. निर्णयासाठी चार जण हवेत. कर्ट, बर्निसबाई, मी आणि चौथे खुद्द व्हर्लिन कुचेरा.

"विषय माझ्या फायद्याचा आहे," व्हर्लिन उठून म्हणाले. "मी बाहेर थांबतो."

"बाहेर गेलात तर तीनच उरतात," कर्ट म्हणाला. "सभाच होत नाही."

"मग नाही झाली तरी चालेल."

नियमांचं पुस्तक काढलं. फायदा असलेल्या सभासदाने चर्चेत भाग घ्यायचा नाही, मत द्यायचं नाही, असं त्यात होतं. खोलीत असू नये असं नव्हतं. शेवटी व्हर्लिननी आपली खुर्ची फिरवली आणि आमच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसले. समोर मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकांचं कपाट होतं. आम्ही त्यांच्या पाठीसमोर चर्चा सुरू केली.

"एका माणसासाठी एवढी गाडी," पाठ म्हणाली. "त्यापेक्षा पोहण्याच्या तलावाला गाळणी लावा."

"कुचेरा, तुम्हाला बोलता येत नाही," कर्ट म्हणाला.

"मी पुस्तकांशी बोलतोय."

बर्निसबाईंनी नोंद लिहिली, ती वही आजही आहे: 'श्री. कुचेरा कपाटाशी काही बोलले. सभेने ऐकले नाही.' मग तिघांनी हात वर केले. व्हर्लिन नोव्हेंबरात जाणारच म्हणत होते, पण ते राहिले नाहीत तरी गाडी लागणारच, असं आम्ही एकमेकांना मोठ्याने सांगितलं. त्यांची मान हलली नाही. त्यांच्या कोटाची शिवण खांद्यावर उसवलेली होती आणि मी सगळा वेळ तिच्याकडे बघत राहिलो.

तारखेचा घोळ मात्र तसाच होता आणि हातात तीन दिवस होते. तो बर्निसबाईंनी सोडवला. त्यांनी आपल्या सुरेख अक्षरात एक पत्र लिहिलं. 'ज्यांनी ज्यांनी दिलं त्यांना. तुमचे आभार. ब्रूनर गावनिधी.' त्याला पाकीट नाही, पत्ता नाही. नव्या पोस्टमास्तरीणबाईंकडून त्याच्यावर तारखेचा शिक्का मारून घेतला आणि ते पोस्टातल्या फळ्यावर टाचलं. "गावातल्या प्रत्येक घराची टपालपेटी इथेच, या फळ्यासमोर आहे," त्या म्हणाल्या. "देणारा इथे येणार. त्याने वाचलं की पोचलं. संध्याकाळी मी तारीख भरते."

मी दिवसभर पोस्टात बसून राहिलो. आता हेरगिरी करायची नव्हती, पण कुतूहल कुठे जातं. जो जास्त वेळ वाचेल तो, किंवा जो मुळीच बघणार नाही तो, असा माझा हिशेब होता. आणि मी जे पाहिलं ते मी कधी विसरणार नाही. गाव आलं, एकेक करून, दोघे दोघे. धान्याच्या कोठारावरची पोरं, शाळेच्या मास्तरणी, काठीवर वाकलेले म्हातारे. प्रत्येक जण फळ्यासमोर थांबला, टोपी असेल तर काढली, साधारण तितकाच वेळ वाचलं आणि गेला. कुणी एका क्षणानेही पुढे-मागे झालं नाही. आपल्यातला जो कोण आहे तो उघडा पडू नये म्हणून सगळं गाव त्याच्याइतकंच थांबत होतं. कुणी ठरवलं नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं.  तो कोण हे मला आजही माहीत नाही, आणि त्या दिवसानंतर मी शोधलंही नाही. संध्याकाळी बर्निसबाईंनी सोळाही रकाने भरले, सतरावा माझा.

व्हॅन आली ती पांढरी होती, मागे चाकांची खुर्ची वर उचलून घ्यायचा पाळणा असलेली. ऑक्टोबरच्या शेवटच्या सोमवारी सकाळी दहाला पहिली फेरी होती. पहिली पाळी माझी, कारण पाळ्या ठरवल्या त्या मीटिंगलाही मी गेलो नव्हतो. मी व्हर्लिनच्या दारात गाडी लावली. मागे गावातली पंधरा-वीस माणसं आपापली कामं असल्यासारखी रस्त्यावर रेंगाळत होती. अंगणात 'विकणे आहे'ची पाटी होती. व्हर्लिन बाहेर आले, गाडीभोवती एक चक्कर मारली, टायर पाहिले आणि दाराशी उभे राहिले.

"छान आहे," ते म्हणाले.

"बसा."

"दुसऱ्या कुणाला लागली असती आज तर? मी आपला डॉकबरोबर जातो. तसेही चारच दिवस राहिलेत."

"दुसरं कुणी नाही आज."

"मुलीने खोलीला रंग दिलाय, डेल."

"हो, म्हणालात तुम्ही."

"गार आहे आज," व्हर्लिन म्हणाले.

आता मी म्हणायला हवं होतं की हो, उत्तरेचा वारा आहे. ते ओठावर आलंही होतं. रस्त्यावरची माणसं आपल्या बुटांकडे बघत होती. पुढच्या सोमवारी त्या खिडकीतून ते समोरच्या इमारतीकडे बघत बसलेले असतील, हे मला एकदम दिसलं, आणि मी, डेल व्होंड्रा, अठ्ठावन्न वर्षांचा, ब्रूनरच्या भर रस्त्यात असं काही बोललो जे आमच्याकडे कुणी बोलत नाही.

"व्हर्लिन, ही गाडी तुमच्यासाठी आणली आहे. गावासाठी बिवासाठी नाही. तुमच्यासाठी. तुम्ही जाऊ नका. तुम्ही आम्हाला इथे पाहिजे आहात."

 माझे कान इतके तापले की टोपी काढावीशी वाटली. व्हर्लिननी माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्यावरच्या माणसांकडे पाहिलं, एकेकाकडे, बसमध्ये पोरं मोजायचे तसं. मग ते पायरीवर चढले, आत बसले आणि पट्टा लावला.

"दार लाव," ते म्हणाले. "ऊब बाहेर जातेय."

चाळीस मैल ते बाहेर बघत राहिले. दोन्ही बाजूंना कापलेला मका होता. मी आरशात बघायचं टाळलं, कारण ते रुमालाने बराच वेळ नाक पुसत होते. शहराच्या पाण्याच्या टाकीपाशी त्यांनी घसा साफ केला.

"बुधवारी कोण चालवतंय?"

"कर्ट."

"तो वळणावर ब्रेक दाबतो. त्याला सांग." मग थोड्या वेळाने, "आणि शुक्रवारी?"

शुक्रवार म्हणजे एक नोव्हेंबर. शुक्रवारी कोण, ते मी त्यांना सांगितलं.